नव्या शक्तीची पारख

कोळशाने मानवाची फार मोठी सेवा केली; परंतु त्या सेवेचे मोलही त्याने पुरेपूर वसूल केले. सन १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळील चासनाला येथील कोळशाच्या खाणीत एकाएकी पाणी शिरले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार प्राणांस मुकले. धुराने हवा दूषित होते, ती हानी वेगळीच. म्हणून आज अनेक देश सूर्य व वारा यांच्यापासून वीज मिळवू लागले आहेत. ही वीज स्वच्छ खरी. परंतु जे स्वच्छ, ते निर्धोक असेलच, असे नाही.

सूर्य मावळला, की सौरवीज थांबते. म्हणून दिवसाची वीज रात्रीसाठी साठवावी लागते. त्यासाठी बंदिस्त खोलीत लिथियमच्या असंख्य बॅटऱ्या ओळीने रचलेल्या असतात. त्यांपैकी एखादी बिघडली, तर ती आपोआप तापू लागते. तिच्या उष्णतेने शेजारची तापते, शेजारचीमुळे तिसरी. गवताच्या गंजीत आग जशी पेंढीमागून पेंढी गिळत जाते, तशीच ही गत! शिवाय तापलेल्या बॅटऱ्यांतून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सरप्राइझ नावाचे शहर आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी तेथील अशाच एका वीजसाठ्यातून धूर निघू लागला. आग विझवणारी यंत्रणा आपोआप सुरू झाली. परंतु ज्वाला विझवणे वेगळे आणि बॅटऱ्यांचे तापणे थांबवणे वेगळे. आत वायू साचत गेला. त्याला बाहेर पडण्यास वाट नव्हती. सुमारे तीन तासांनी अग्निशामक दलाच्या जवानांनी दार उघडले. बाहेरची हवा आत शिरली आणि थोड्याच वेळात प्रचंड स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. त्यांच्या धैर्यात उणेपणा नव्हता. आत काय साचले आहे, हे त्यांना बाहेरून कळण्याची सोय नव्हती.

असा धोका आधीच ओळखण्यासाठी तज्ज्ञ तीन प्रश्न विचारतात. काय बिघडू शकेल? ते बिघडण्याचा संभव किती? आणि बिघडलेच, तर हानी किती होईल? जी गोष्ट क्वचितच घडेल, पण घडल्यास प्राणांवर बेतेल, तिचाही बंदोबस्त करावा लागतो. म्हणून वीजसाठ्यात वायूची सूचना देणारी उपकरणे बसवतात, वायू बाहेर जाण्यास मार्ग ठेवतात आणि बॅटऱ्यांच्या रचनेत अंतर राखतात.

हीच दृष्टी घराच्या छपरावरील सौर पॅनेलांनाही लावावी लागते. घरातील मुख्य बटण बंद केले, तरी ऊन असेपर्यंत पॅनेलांत वीज निर्माण होतच राहते. आग विझवण्यास आलेल्या जवानाला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. म्हणून सौर पॅनेले कोठे आहेत आणि त्यांची वीज कोठून तोडता येते, हे दर्शवणारी ठळक पाटी लावणे हिताचे असते.

विस्तवाने हात भाजतो, म्हणून मानवाने चूल टाकून दिली नाही. तिच्याशी कसे वागावे, हे तो शिकला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असे म्हणतात. पण दूधच आधी फुंकून पाहिले, तर तोंड पोळतच नाही. नव्या शक्तीचे स्वागत करताना हेच शहाणपण उपयोगी पडते.