लॅपटॉपचा जमाखर्च : वेग, वीज आणि उष्णता

पेढीवरील रोजमेळाच्या वहीची जागा लॅपटॉपने घेतली, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तो खरेदी करताना मात्र पुष्कळ सभासद बंधू एकच प्रश्न विचारतात : ‘वेग किती?’ कापडाचा केवळ पन्हा पाहून पोत न पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचे आम्हांस हसू येते; हा प्रश्न त्याच जातीचा होय.

प्रोसेसरचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चढवावयाचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, आणि खर्चलेली वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते.

जानेवारी २००० मध्ये इंटेलने ‘स्पीडस्टेप’ ही योजना लॅपटॉपच्या पेंटियम-३ मध्ये आणली. ६५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर पूर्ण वेगास १.६ व्होल्ट घेई. बॅटरीवर येताच तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरे. वेगात घट शेकडा २३. वरील हिशेबाने खर्चात घट शेकडा ४५! असा सौदा बाजारात विरळाच. दहा मिनिटांचे काम तेरा मिनिटे घेईल, हे खरे. तरीही त्या कामापुरती प्रोसेसरची वीज शेकडा २९ कमीच लागेल. पडदा मात्र तीन मिनिटे जादा जळेल. ही वजावट प्रामाणिकपणे दाखविलीच पाहिजे.

याच कंपनीचा पेंटियम-४ पुढे ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला, सुमारे ११५ वॉट उष्णता ओकू लागला, आणि २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडून द्यावा लागला.

आजचे प्रोसेसर वेगाचा हा चढउतार आपण होऊनच करतात. तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले, की स्वसंरक्षणार्थ ते वेग उतरवितात. ऐन मार्चअखेरीस असे झाले म्हणजे ‘यंत्र जुने झाले’ असे म्हणून मालक नवे घ्यावयास निघतो. दोष पुष्कळदा गादीचा असतो! हवा घेणाऱ्या फटी बहुधा तळाशी असतात. मऊ गादीवर त्या बुजतात. माळ्यावर टाकलेले लाकडी मेज खाली काढावे व लॅपटॉप त्यावर ठेवावा. पंख्यातील धूळ वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून काढवावी. सरकी-कापसाच्या व मिरची-हळदीच्या दुकानांत तर लवकरच.

नोंदी लिहिताना प्रोसेसर बहुतेक वेळ आपल्या बोटांची वाट पाहत रिकामा बसलेला असतो. तेव्हा काटकसरीची सेटिंग पुरते. वर्षाचा ताळेबंद काढतानाच पूर्ण वेग द्यावा. बॅटरीसही उष्णता बाधते. उन्हात उभ्या मोटारीत लॅपटॉप ठेवून वसुलीस जाऊ नये.