लेण्यांच्या सहलीला कोणता फिल्टर न्यावा?

पावसाळा सरला की आमच्या मरोळ परिसरातून लेण्यांच्या सहली निघू लागतात. जवळची महाकाली म्हणजे कोंडिविटे लेणी आणि कान्हेरी घरची बाटली भरून नेऊन पाहता येतात. पण जुन्नरच्या डोंगरांत दोन दिवस काढायचे, तर माणशी रोजचे तीन-चार लिटर पाणी पाठीवर कोण वाहणार? म्हणून तरुण मंडळी खिशात मावणारा फिल्टर विकत घेतात आणि टाक्याचे पाणी पितात. फिल्टर जरूर घ्यावा, पण तो काय अडवतो आणि काय सोडतो हे पाहून.

कान्हेरीच्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. उपासकांनी अशा पोढी दान दिल्याच्या नोंदी तिथे कोरलेल्या आहेत. तेव्हा ही टाकी राखणारे लोक तिथेच राहत होते. आज डोंगरांवरच्या अशा टाक्यांत माकडांची, वटवाघळांची, गुरांची आणि वरच्या अंगाला उघड्यावर बसणाऱ्या माणसांची घाण पावसाबरोबर उतरते. खरा धोका या शेवटच्या घाणीचा.

बाजारातले बहुतेक फिल्टर, उदाहरणार्थ लाइफस्ट्रॉ किंवा सॉयर, पोकळ तंतूंचे असतात. या तंतूंची छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. टायफॉइड, कॉलरा, हगवणीचे जीवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू मात्र जेमतेम ०.०३ मायक्रॉनचे. ते सरळ पार होतात. आणि हिपॅटायटिस ई तर पाण्यातून पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी डोके वर काढतो. तोवर सहल कोणाच्या लक्षातही नसते. दोष जातो नाक्यावरच्या वड्याला.

गरोदर भगिनींनी तर हे फार गांभीर्याने घ्यावे. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाल्यास शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेचे पाणी उचलतात तिथे सांडपाणी शिरले. पालिकेने क्लोरीन वाढवले, टायफॉइड वाढला नाही. तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ईची होती हे पुढे कळले. गढूळ, घाण पाण्यात क्लोरीनची ताकद त्या घाणीवरच खर्च होते. त्यामुळे नुसती गोळी टाकूनही भागत नाही.

तेव्हा आमचा सल्ला असा. पाणी आधी स्वच्छ सुती फडक्यातून गाळा, मग ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि त्या नितळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून किमान अर्धा तास थांबा. गोळीचे प्रमाण पाकिटावर असते तेच घ्यावे. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण तो फिल्टरमध्ये अडकतो. विषाणू फिल्टरमधून सुटतो, तो गोळीने मरतो. एकच उपकरण हवे असेल तर त्यावर जीवाणू ९९.९९९९, विषाणू ९९.९९ आणि परजीवी ९९.९ टक्के असे तिन्ही आकडे लिहिलेले आहेत का ते पाहा. विषाणूचा आकडा नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, ते ठेवून द्या. अतिनील किरणांची कांडी नितळ पाण्यातच काम करते, आणि बॅटरी संपली की तिची काठी होते.

चूल किंवा स्टोव्ह बरोबर असेल तर याहून सोपे काही नाही: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. कळसूबाईच्या माथ्यावरही, म्हणजे १६४६ मीटरवर, तेवढेच पुरते.

रसायने मात्र यातल्या कशानेही जात नाहीत. आपल्या मरोळमधून वाहणाऱ्या मिठीचे पाणी कितीही महागड्या फिल्टरमधून काढले तरी ते पिण्याचे होणार नाही. कारखान्याखालचा ओढा, फवारणी केलेल्या शेताचा पाट, यांनाही हेच लागू.

घरी आल्यावर फिल्टरमधून स्वच्छ पाणी उलट दिशेने दाबून सोडा आणि पूर्ण वाळवून ठेवा. हिमालयात जाणाऱ्यांनी रात्री तो पांघरुणात घेऊन झोपावे. वापरलेल्या ओल्या फिल्टरमधले पाणी गोठले तर तंतू तडकतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.