थेट प्रक्षेपणातून विक्री : लघुविक्रेत्यांपुढील मंचनिवडीचा प्रश्न

प्रस्तावना

विक्रेत्याने कॅमेऱ्यासमोर वस्तू दाखवावी, ग्राहकाने त्याच वेळी प्रश्न विचारावेत आणि प्रक्षेपण चालू असतानाच मागणी नोंदवावी, ही विक्रीपद्धती चीनमध्ये २०१६ साली 'ताओबाओ लाइव्ह' सुरू झाल्यानंतर झपाट्याने रूढ झाली. त्याच वर्षी भारतात यूपीआयचा प्रारंभ झाला, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि फेसबुकवर थेट प्रक्षेपणाची सोय सर्वसामान्य वापरकर्त्यांना उपलब्ध झाली. परिणामी साड्या, ड्रेसचे कापड, इमिटेशन दागिने यांची घरातूनच विक्री करणाऱ्या महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांनी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय ही पद्धती आत्मसात केली. अशा लघुविक्रेत्यांनी मंच निवडताना कोणते निकष लावावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सर्वसाधारणपणे जेथे प्रेक्षक जास्त तो मंच चांगला, असे मानले जाते. हा निकष चुकीचा नसला तरी अपुरा आहे.

मागणी नोंदविण्याची व्यवस्था

उपलब्ध मंचांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारखी समाजमाध्यमे हा पहिला. ई-बाजारपेठांनी स्वतःच्या ॲपमध्ये चालविलेले थेट विभाग हा दुसरा (उदाहरणार्थ, २०२१ मध्ये मिंत्राने व २०२२ मध्ये ॲमेझॉन इंडियाने असे विभाग सुरू केले होते). आणि विक्रेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाला जोडलेले प्रक्षेपण हा तिसरा. तिसऱ्या प्रकारात प्रेक्षक स्वतःच गोळा करावा लागत असल्याने आरंभीच्या काळात तो फारसा उपयोगी पडत नाही.

पहिल्या प्रकारात विक्रेत्यांनी जी कार्यपद्धती स्वतःच घडविली आहे ती अभ्यासण्याजोगी आहे. प्रत्येक साडीला क्रमांक दिला जातो, साडी उलगडून पदर व काठ जवळून दाखविले जातात आणि पसंत पडल्यास स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठविण्यास सांगितले जाते. ज्याचा संदेश प्रथम येईल त्याची साडी. पैसे यूपीआयने आणि माल कुरिअरने किंवा टपालाने. या पद्धतीत दलाली द्यावी लागत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाचे नाव, पत्ता व पूर्वीची खरेदी विक्रेत्याजवळच राहते.

तिची मर्यादाही याच साधेपणात आहे. हातमागाच्या पैठणीसारखी वस्तू बहुधा एकाच नगाची असते. दहा मिनिटांत चाळीस स्क्रीनशॉट आले तर त्यांचा क्रम लावणे, नकार कळविणे, पैसे आल्याची खातरजमा करणे ही कामे प्रक्षेपण चालू असतानाच एकटीने करणे अशक्य असते. मागणी नोंदवून पैसे न भरणारे ग्राहक असतात ते वेगळेच. ई-बाजारपेठेत मात्र नग विकला जाताच त्याची नोंद आपोआप होते, पैसे मंचामार्फत येतात आणि परतीची व्यवस्थाही ठरलेली असते. त्यासाठी शुल्क मोजावे लागते, रक्कम काही दिवस अडकते आणि ग्राहक मंचाचा राहतो. तेव्हा खरी तुलना शुल्काचा दर आणि मदतनिसाची मजुरी यांच्यात करावयास हवी. ती क्वचितच केली जाते.

मंचाची शाश्वती

ग्राहकांच्या नोंदी कोणाकडे राहतात या मुद्द्याला एवढे महत्त्व का द्यावे, हे मागील काही वर्षांच्या घडामोडींवरून स्पष्ट होते. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनमधील 'डोऊयिन'ने आपल्या प्रक्षेपणांतून अन्य बाजारपेठांचे दुवे देण्यास मनाई केली. विक्रेत्यांना त्या मंचाच्याच दुकानात यावे लागले. १ ऑक्टोबर २०२२ पासून फेसबुकने व मार्च २०२३ मध्ये इन्स्टाग्रामने प्रक्षेपणात वस्तू जोडण्याची सोय काढून घेतली. इंडोनेशियात सरकारने समाजमाध्यमांवरील थेट विक्रीव्यवहारास मनाई केल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये 'टिकटॉक शॉप' बंद झाले. 'टोकोपीडिया' या स्थानिक कंपनीशी करार होऊन डिसेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले, तरी मधले दोन महिने त्यावरच विसंबलेल्या लहान विक्रेत्यांचे होतेच.

यांपैकी एकाही निर्णयात विक्रेत्याची चूक नव्हती. फेसबुकच्या बदलाचा वर वर्णिलेल्या स्क्रीनशॉट-पद्धतीला मात्र फारसा धक्का बसण्याचे कारण नव्हते, कारण साधे प्रक्षेपण चालूच राहिले आणि मागणीची नोंद आधीपासूनच मंचाबाहेर होत होती. तंत्रदृष्ट्या मागासलेली वाटणारी पद्धत येथे अधिक सुरक्षित ठरते. यास्तव ई-बाजारपेठेचा मार्ग पत्करणाऱ्या विक्रेत्यानेही नियमित ग्राहकांशी, त्यांच्या संमतीने व मंचाच्या अटींत बसेल अशा रीतीने, संपर्काचा एक स्वतंत्र मार्ग राखणे इष्ट होय.

कायदा व कर

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास बाजारपेठेवरील विक्रेत्याला नकार देता येत नाही. कापडाच्या बाबतीत हा मुद्दा नाजूक आहे. ट्यूबलाइटच्या प्रकाशात जांभळा दिसणारा रंग घरी वेगळा दिसू शकतो. म्हणून साडी दिवसाच्या उजेडात दाखविणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

वस्तू व सेवा करासंबंधीची तरतूद मंचनिवडीवर अधिक थेट परिणाम करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालील, नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांनाही ई-बाजारपेठेतून माल विकण्याची मुभा मिळाली, परंतु ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. काही अधिसूचित हस्तकला-वस्तूंना असलेली सवलत सोडल्यास राज्याबाहेर माल पाठविण्यासाठी नोंदणी आवश्यक ठरते, मग मंच कोणताही असो. कोल्हापूरच्या विक्रेतीला बेळगावची ग्राहक भाषेने व नात्याने जवळची वाटली तरी करदृष्ट्या ती परराज्यातील आहे. पुण्याहून पणजीला साडी पाठवितानाही हेच लागू होते. ई-बाजारपेठेवर अशी मागणी नोंदवूनच घेतली जात नाही. व्हॉट्सॲपवर ती सहज स्वीकारली जाते, आणि नियमभंगाची जबाबदारी सर्वस्वी विक्रेत्यावर येते. त्यामुळे नोंदणी नसलेल्या विक्रेत्याने मंच ठरविण्यापूर्वी मागील वर्षभरातील आपले पार्सल कोणकोणत्या पत्त्यांवर गेले, याची यादी प्रथम काढावी लागते.