बदलले तेवढेच हलवावे

श्रोतेहो, जमिनीचा व्यवहार झाला म्हणजे तलाठ्याकडे काय होते, हे आपणांस ठाऊकच आहे. फेरफाराची नोंद होते, ती मंजूर होते, आणि ज्या गटाचा व्यवहार झाला त्याच गटाचा सातबारा बदलतो. गावातले सगळे उतारे कोणी नव्याने लिहायला बसत नाही. संगणकाचे कार्यक्रम बनविणाऱ्यांच्या कामातही अशीच एक रीत आहे. तिची आज ओळख करून घेऊ या.

संगणकाचा कार्यक्रम म्हणजे एकच लांबलचक लेख नव्हे. निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेल्या शेकडो फाइली मिळून तो होतो. या फाइलींच्या कोठाराला रिपॉझिटरी म्हणतात. कोणी, केव्हा, कोणत्या फाइलीतली कोणती ओळ बदलली, याची तेथे नोंद राहते. ही नोंद ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले.

पण नोंद झाली म्हणजे काम संपले काय? छे! लोक जो कार्यक्रम वापरतात तो सर्व्हर नावाच्या दुसऱ्याच यंत्रावर चालत असतो. नवी प्रत तेथे चढवावी लागते. हे काम हाताने करताना एखादे यंत्र विसरले तर? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत शेअरबाजारात उलाढाल करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीत नेमके तेच घडले. आठ यंत्रांपैकी सातांवर नवी प्रत चढली, एक राहून गेले. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत चुकीचे सौदे होऊन ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

म्हणून हे काम यंत्रावरच सोपवितात. त्याचे मूळ जुने आहे. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ हे साधन केले. मूळ फाइल तयार मालापेक्षा नवी असेल तरच तेवढा भाग पुन्हा बनवावा, एवढेच त्याचे तत्त्व. २०१९ पासून सर्वांना खुल्या झालेल्या ‘गिटहब ॲक्शन्स’मध्ये हीच गोष्ट नियम म्हणून लिहून ठेवता येते: अमुक कप्प्यात बदल झाला, तर अमुक काम सुरू कर. ‘निकाल/**’ असे लिहिले, की निकाल या कप्प्यातल्या व त्याच्या पोटातल्या सर्व फाइली आल्या. एकच तारा काढला, तर फक्त वरच्या थरातल्या येतात.

आता माझीच एक चूक सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांनी सराव परीक्षेचे निकाल दाखविणारा छोटासा कार्यक्रम केला होता. ‘निकाल’ कप्पा बदलला तरच नवी प्रत चढवावी, हा नियम मीच सांगितला. उत्तीर्ण होण्याचे किमान गुण मात्र ‘सामायिक’ नावाच्या दुसऱ्या कप्प्यात होते, आणि तेथे ३५ ऐवजी ४० पडले होते. एका मुलाने दुपारी ती चूक सुधारली. नोंदही झाली. पण ‘निकाल’ कप्प्याला हात लागला नव्हता, तेव्हा यंत्र स्वस्थ बसले. धोक्याची लाल खूणही उमटली नाही. कारण काम बिघडले नव्हते, ते सुरूच झाले नव्हते! ३७ गुणांची एक मुलगी संध्याकाळपर्यंत नापास दिसत राहिली. ती रडत घरी गेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

दोष यंत्राचा नव्हता. दारे धरणाऱ्याला आपण एकच वाफा दाखवावा, आणि शेजारचा सुकला म्हणून त्याला बोल लावावा, असा तो प्रकार!

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. कार्यक्रम ज्या ज्या कप्प्यांवर अवलंबून आहे ते सगळे, आणि खुद्द नियमाची फाइलसुद्धा, नियमात घालतो. हवे तेव्हा हाताने काम सुरू करण्याची सोय ठेवतो. शिवाय रोज रात्री एकदा सगळेच नव्याने चढवितो. शंका असेल तेव्हा कप्पा नियमात घ्यावा. एखादे काम विनाकारण झाले तर यंत्राची चार मिनिटे जातात. व्हायचे ते राहिले, तर त्याचा भार कोणा माणसावर पडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मुलांना हे सांगताना आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा: ‘हे बदलले, तर आणखी काय काय बदलावे लागेल?’ त्याचे उत्तर नीट शोधता आले, की नियम लिहिणे फारसे अवघड नाही.