अपस्मार आणि मेंदूच्या पेशींचें रक्षण

वसई रोड किंवा विरार स्थानकाच्या फलाटावर एखाद्या मुलास फेफरें आलें, कीं लोक धांवतात. कोणी कांदा हुंगवितो, कोणी जोडा नाकाशीं धरतो, कोणी दांतांत चमचा घालतो. हेतु भला, परंतु यांपैकीं एकाही उपायानें झटका थांबत नाहीं. उलट चमच्यानें दांत मात्र मोडण्याची भीति असते.

मेंदूच्या पेशींचें दळणवळण सूक्ष्म विद्युत्संदेशांनीं चालतें. झटक्याच्या वेळीं असंख्य पेशी एकदम बेसुमार संदेश सोडतात. बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआप शमतात. परंतु झटका फार लांबला, तर ग्लुटामेट नामक द्रव्य अतोनात सांचतें, पेशींत कॅल्शियम शिरतें आणि त्या मरूं लागतात. अर्ध्या तासानंतर हा धोका फार वाढतो. स्मरणशक्तीशीं निगडित असा जो हिपोकॅम्पस, त्यास विशेष झळ पोंचते.

म्हणून प्रथम घड्याळ पाहावें. रोग्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ वस्त्र ठेवावें, तोंडांत कांहींही घालूं नये. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास, किंवा शुद्धि येण्यापूर्वीं दुसरा आल्यास, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पालकांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध एक दिवसही बंद करूं नये. अकस्मात् थांबविलेलें औषध हें लांबलेल्या झटक्याचें एक मोठें कारण आहे. पुष्कळदां तें लाजेपायीं चुकतें. हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराची आडकाठी १९९९ सालीं काढण्यांत आली. मनांतील आडकाठी आपणच काढावयास हवी. शेजारच्या बांकावरील सोबत्याची बुद्धि कदाचित् आपल्या त्या पांच मिनिटांवर अवलंबून असेल.