घशात रुतणारा बोरू

घशात माशाचा काटा अडकला आहे असे सतत वाटावे, आवंढा गिळताना एका बाजूस टोचावे, कळ थेट कानात जावी, आणि तपासणाऱ्यास मात्र कान निर्मळ दिसावा, घसाही निर्मळ दिसावा, अशी विचित्र तक्रार घेऊन वर्षानुवर्षे दवाखान्यांचे उंबरठे झिजविणारी काही माणसे असतात. कुणाची दाढ काढली जाते, कुणाच्या कानात थेंब घातले जातात. आणि अखेर 'हा तुमच्या मनाचा खेळ आहे' असे सांगून त्यांची बोळवण होते. या सर्वांनाच एक विकार असतो असे नव्हे. पण त्यांतल्या मोजक्या काहींच्या घशात खरोखरच एक अणकुचीदार वस्तू रुतत असते. ती बाहेरून आत गेलेली नसते, एवढेच. ते त्यांचे स्वतःचेच हाड असते.

कानाच्या पाळीमागे बोट ठेवा. तेथून आतल्या अंगास, कवटीच्या तळापासून, एक बारीक हाड खाली व पुढे झुकलेले असते. दोन्ही बाजूंस एकेक. त्याचे वैद्यकीय नाव 'स्टायलॉइड'. आमच्या पिढीने बोरू पाहिला आहे, तेव्हा तासून टोक काढलेला बोरू म्हटले की त्याचा आकार डोळ्यांपुढे यावा. जीभ, घसा व गळ्याचा पुढील भाग हलविणारे तीन लहान स्नायू त्यास जोडलेले असतात. त्याच्या टोकापासून एक अस्थिबंध निघतो आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या एका छोट्या हाडाशी जाऊन मिळतो. हे नालेसारखे हाड शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नाही. ते नुसते स्नायूंच्या व बंधांच्या आधारावर झुलत असते.

आपला बोरू साधारणपणे 25 मिलिमीटर, म्हणजे एक इंचभर, लांब असतो. 30 मिलिमीटरच्या पुढे गेला की तो लांबलेला समजतात. कधी हाडच वाढते, तर कधी त्यापुढील मऊ अस्थिबंधात चुना साठून तोही हाडासारखा टणक होतो. असा बंध पादुआ येथील मार्केत्ती यांनी 1652 सालीच नोंदविला होता. परंतु हे हाड आणि ती वेदना यांची स्पष्ट सांगड घातली ती अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक वॉट ईगल यांनी. 1937 साली त्यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या विकारास 'ईगल सिंड्रोम' हे नाव पडले.

दुखणे घशात, मग कळ कानात का? टॉन्सिलचा परिसर आणि मधला कान या दोन्ही ठिकाणांहून संवेदना नेणारा मज्जातंतू एकच आहे. एकाच तारेवर दोन घरांच्या घंटा बांधाव्यात, तसा हा प्रकार. मेंदूस खबर पोहोचते, पण कोणत्या घरातून हे नेमके उमगत नाही. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे उपचार कानावर होत राहतात. काही वेळा टॉन्सिल काढल्यानंतर तेथे जो व्रण भरतो, त्याच्या ताणात हे मज्जातंतू हाडाच्या टोकावर ओढले जातात. दुसरा एक प्रकार अधिक गंभीर आहे. मेंदूस रक्त नेणारी मोठी रोहिणी या हाडाच्या अगदी शेजारून जाते. हाडाचे टोक तिच्यावर दाबले की मान वळविताच डोके, डोळा वा चेहरा दुखतो, चक्कर येते. आणि क्वचित त्या रोहिणीच्या भिंतीस इजा होऊन पक्षाघाताचा झटकाही येतो.

निदानाची पहिली पायरी मला फार आवडते, कारण तीत कोणतेही यंत्र लागत नाही. वैद्य रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेतो आणि मोजा चढविलेले बोट तोंडातून टॉन्सिलच्या खोबणीपर्यंत नेतो. एरवी तेथे हे हाड हातास लागत नाही. लागले, आणि दाबताच रुग्ण 'हीच ती कळ!' म्हणून दचकला, तर शोध बराचसा संपला. त्याच जागी बधिर करणारे औषध टोचून वेदना तेवढ्यापुरती थांबली, तर संशय आणखी बळावतो. मग क्ष-किरणांचे चित्र, आणि त्याहून उत्तम म्हणजे सी.टी. स्कॅन. त्यात हाडाची लांबी, कल आणि रोहिणीशी असलेले अंतर तिन्ही मितींत दिसते.

येथे मात्र सावध राहावयास हवे. सामान्यपणे दिला जाणारा अंदाज असा, की शंभरांतील चार माणसांचे हे हाड लांबलेले असते. आणि त्यांतील फारच थोड्यांना त्याचा उपद्रव होतो. म्हणजे चित्रात लांब हाड दिसले की तेच दुखण्याचे मूळ, हा न्याय चुकीचा. दाढ, जबड्याचा सांधा, विजेच्या झटक्यासारखी येणारी मज्जातंतूची कळ, ही सारी कारणे आधी पारखून पाहावी लागतात. त्यातही ज्याचा कान निरोगी असून दुखतो आणि ज्यास तंबाखूची सवय आहे, त्याच्या घशाची व जिभेच्या मुळाची कर्करोगासाठी तपासणी झालीच पाहिजे. तेथे ईगलचे नाव घेऊन वेळ दवडणे जिवावर बेतेल.

सर्वांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. वेदनाशामक गोळ्या किंवा त्या जागी दिलेले इंजेक्शन यांवर कित्येकांचे भागते. पूर्वी तोंडातून बोटाने दाबून हे हाड मोडीत असत. तो आडदांड उपाय आता मागे पडला आहे. शस्त्रक्रियेचे दोन मार्ग आहेत. तोंडातून गेल्यास मानेवर व्रण राहत नाही. टॉन्सिल असल्यास ते बहुधा काढतात, त्यामागील पडदा उघडून टोक मोकळे करतात व कातरून घेतात. पण वाट अरुंद, प्रकाश अपुरा. रक्तस्राव झाला तर आवरणे अवघड, आणि तोंडातील जंतू मानेच्या खोल भागात शिरण्याचे भय. मानेवर जबड्याखाली छेद घेतल्यास सारे डोळ्यांसमोर येते आणि रोहिणी सांभाळता येते, म्हणून रोहिणीवर दाब असेल तेव्हा हा मार्ग अनेकांना पसंत पडतो. त्याची किंमत म्हणजे मानेवरील व्रण, आणि ओठाचा कोपरा हलविणाऱ्या मज्जातंतूस धक्का लागून काही आठवडे हसू वाकडे दिसण्याची शक्यता. स्वतः ईगल तोंडाच्या वाटेचे पुरस्कर्ते होते.

योग्य निवडलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांस आराम पडतो. तरी दुसऱ्याच दिवशी सर्व कळ गेली पाहिजे अशी अपेक्षा कोणी धरू नये. गिळताना होणारी दुखापत पहिले काही दिवस उलट वाढल्यासारखी वाटते, आणि बरीच वर्षे डिवचला गेलेला मज्जातंतू शांत होण्यास कधी आठवडे, तर कधी महिनेही घेतो.