घास अडण्यापूर्वी : अन्ननलिकेचा कर्करोग आणि दुर्बिणीची तपासणी



पोटाविषयी आपण रोज बोलतो. पित्त, गुबारा, अपचन हे शब्द घरोघरी आहेत. परंतु घशातून पोटाकडे जाणाऱ्या अन्ननलिकेची आठवण घास अडल्याखेरीज कोणी काढीत नाही. प्रौढ माणसात ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी अधिक लांब असते. तिच्या पुढे श्वासनलिका आणि मागे पाठीचा कणा. तिच्या भिंती स्नायूंच्या असून त्या लाटेसारख्या आकुंचन पावत घास पुढे ढकलतात. म्हणूनच माणूस आडवा निजलेला असला तरी त्याने गिळलेले अन्न जठरात पोहोचते.

या नळीचा एक गुण असा आहे, की तोच पुढे घातक ठरतो. ती ताणली जाते. आत गाठ वाढू लागली तरी उरलेला भाग सैल होऊन घासाला वाट देतो. नळीची वाट सुमारे १३ मिलिमीटरांपर्यंत अरुंद होईतो घट्ट अन्नही बहुधा विनातक्रार उतरते. मग एके दिवशी भाकरीचा घास छातीत अडतो. मनुष्य म्हणतो, भाकरी कोरडी होती. तो पाण्याचा घोट घेतो आणि विसरतो. काही आठवड्यांनी तो भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागतो, पुढे मऊ भातावर येतो, मग पेजेवर, आणि अखेर पाणीही उतरेनासे होते तेव्हा घरची माणसे त्याला मोटारीत घालून पुण्यास नेतात. भाकरी, भात, पेज, पाणी अशा या चार पायऱ्या होत. शिरूर-दौंडकडच्या आपल्या घरांत जेवणाचा आधार भाकरी आहे; त्यामुळे पहिली पायरी आपल्याला इतरांहून लवकर कळावयास हवी. दुर्दैव हे, की आपण ती ओळखतो पण तिचा अर्थ लावीत नाही. जेवण मऊ करून घेतले म्हणजे दुखणे हटले, अशी आपली समजूत होते.

येथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पहिला घास अडतो तेव्हाही रोग कोवळा असतोच असे नाही. जठर-आतड्यांना बाहेरून जे पातळ आवरण असते ते अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला नाही, आणि तिच्या अस्तराच्या अगदी वरच्या थरांतच रसवाहिन्यांचे जाळे आहे. त्यामुळे हा रोग लवकर शेजारी पसरतो. तो खऱ्या अर्थाने आरंभी पकडावयाचा तर तक्रार सुरू होण्यापूर्वीच आत डोकावले पाहिजे. दुर्बिणीच्या तपासणीचा उगम या गरजेत आहे.

आत डोकावण्याची कल्पना जुनी आहे. १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे कुसमाउल नावाच्या वैद्याने तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळियाच्या घशातून सरळ ताठ नळी जठरापर्यंत उतरविली. पण प्रत्येक रोगी काही डोंबारी नसतो. नळी वाकती होणे आवश्यक होते. १९५४ साली हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळणावळणाने नेता येते हे दाखविले आणि १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी त्या तंतूंची दुर्बीण प्रत्यक्ष माणसावर वापरली. आजच्या दुर्बिणीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा असतो आणि डॉक्टर पडद्यावर पाहतात. ती साधारण करंगळीएवढी जाड असते. रोग्याला सहा-आठ तास उपाशी ठेवतात, घशात बधिरपणाचा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवितात आणि काही मिनिटांत काम उरकते. श्वासाची वाट निराळी असल्याने जीव गुदमरत नाही. उमासे येतात, इतकेच.

नुसत्या डोळ्यांना कोवळा रोग पुष्कळदा दिसत नाही. तेथे एक सोपी युक्ती उपयोगी पडते. अन्ननलिकेच्या निरोगी पेशींत साखरेच्या जातीचा एक साठा असतो. त्यावर आयोडिनचे पातळ द्रावण फवारले की निरोगी अस्तर तपकिरी होते. बिघडू लागलेल्या पेशींत तो साठा नसतो, म्हणून तेवढा भाग फिकट राहतो. त्या फिकट जागेचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बिघाड वरच्या थरापुरता असेल तर तेवढा थर दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो, छाती उघडावी लागत नाही. उशीर झाला तर मात्र शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांचा लांबचा रस्ता उरतो.

याचा उपयोग किती, ते चीनच्या अनुभवावरून कळते. हेबेई प्रांतातील त्सशियन परगण्यात हा रोग फार आहे. तेथील काही खेड्यांतील ४० ते ६९ वयाच्या लोकांना एकदाच आयोडिनसह दुर्बिणीची तपासणी देऊ केली. बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे कमीच लोक आले. तरीही १० वर्षांनंतर हिशेब केला तेव्हा तपासणी न झालेल्या खेड्यांत या रोगाने हजारी सुमारे ५० माणसे दगावली होती, तर तपासणीच्या खेड्यांत सुमारे ३४. हा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला.

मग शिरूर आणि दौंड तालुक्यांतील प्रत्येक प्रौढाला दुर्बीण घालावी काय? आमचे उत्तर, नाही. त्सशियनमध्ये जो रोग गावोगाव आहे तो आपल्याकडे त्या मानाने पुष्कळच विरळ आहे. आपल्या देशातही मेघालयातील पूर्व खासी टेकड्यांत त्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते. पुणे जिल्ह्याची गणना त्यांत होत नाही. विरळ रोगासाठी सरसकट दुर्बीण घातली तर हजारो निरोगी माणसांना निष्कारण ताप होईल आणि ज्याला खरी गरज आहे त्याचा क्रमांक मागे पडेल. सरकारची तिशीपुढील लोकांसाठी जी नियमित तपासणी आहे तिच्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात, अन्ननलिका येत नाही, ते याच हिशेबाने.

म्हणून चाळणी निवडक हवी. ज्याला पूर्वी तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन गेला आहे. ज्याने कधीकाळी अपघाताने तेजाब किंवा कॉस्टिक सोडा गिळला होता, मग त्याला दहा-वीस वर्षे का लोटेनात. ज्याच्या अन्ननलिकेचे खालचे दार नीट उघडत नाही असे निदान झाले आहे. पन्नाशी ओलांडलेला ज्या पुरुषाला वर्षानुवर्षे छातीत जळजळ होते. आणि जो तंबाखू व दारू या दोन्हींचा दीर्घकाळ सोबती आहे. अशांनी तक्रार नसतानाही डॉक्टरांना विचारावे, की आम्हांला दुर्बिणीची गरज आहे काय?

बाकीच्यांसाठी पहिल्या पायरीवरची जाग हीच तपासणी. ही गोष्ट लहान नाही. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसले की कुर्डुवाडी लागते आणि तेथून बार्शी जवळ. त्या बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागासाठी देशातील पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिची माणसे खेडोपाडी जाऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत. परिणाम असा झाला, की स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ साली ते शास्त्रीय नियतकालिकात नोंदले गेले. यंत्र नवे आले नव्हते. माहिती घरात पोहोचली होती. तो रोग निराळा खरा, पण मनुष्यस्वभाव तोच.

रोग टाळण्याविषयीही दोन शब्द. १९५५ सालीच मुंबईच्या संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी असलेला संबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. आपल्याकडे बिडी आहे, चुन्याची चिमूट आहे आणि मिश्री आहे. मिश्री लावणारी बाई आपण व्यसनी आहोत असे मानीत नाही, पण तीही तंबाखूच होय. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तिचे खरे पालन आपल्याच खिशात व्हावयाचे आहे. शिवाय ६५ अंशांहून अधिक कढत पेये पिणे बहुधा कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली ठरविले. चहा सोडू नका. चुलीवरून उतरताच घशात ओतू नका, एवढेच.

आता करावयाचे काय? कोरडा घास पुन्हापुन्हा छातीत अडू लागला, तर दोन आठवड्यांपेक्षा अधिक थांबू नये. पित्ताच्या गोळ्या घेत महिने काढू नयेत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि दुर्बिणीसाठी चिठ्ठी मागावी. पुण्यास ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात ही तपासणी होते, शिरूरहून एस. टी. आहे, दौंडहून रेल्वे आहे. खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे.

शेवटी आमची विनंती रोग्यापेक्षा वाढणाऱ्यांना आहे. गिळणाऱ्याच्या आधी ते वाढणारीला दिसते. जो गडी दोन भाकरी खात होता तो अर्धी कुस्करून घेऊ लागला, ताटावर अधिक वेळ बसू लागला, घासागणिक पाणी मागू लागला, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. तिने भाकरीऐवजी मऊ भात जरूर वाढावा. पण त्याच दिवशी त्याला दवाखान्याची वाटही दाखवावी.